हात सुटल्यानंतरचं बल

नाणेफेक वानखेडेवरची असो की गल्लीतल्या सामन्याची, नाणं सगळीकडे सारखंच उडतं. अंगठ्याच्या टिचकीने वर जातं, क्षणभर थबकतं आणि खाली येतं. नववीच्या वर्गात या नाण्याचं चित्र फळ्यावर काढावं. नाणं हातातून सुटलंय, अर्ध्या उंचीवर पोचलंय आणि अजून वर चाललंय, असं दाखवावं. मग मुलांना विचारावं : या क्षणी नाण्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. बाण काढून दाखवा.

बहुतेक वह्यांत दोन बाण उमटतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, आणि तो पहिल्यापेक्षा लांब. त्याला कुणी ‘हाताचं बल’ म्हणतं, कुणी ‘उडवल्याचा जोर’. नाणं वर चाललंय, म्हणजे वरचा जोर जास्त असणारच. माथ्यावर दोन्ही जोर सारखे होतात, मग वरचा जोर सरतो आणि गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. ऐकायला किती सुसंगत! आणि तरीही चूक. बोट सुटलं त्याच क्षणी हाताचं बल संपलं. त्यानंतर वर जाताना, माथ्यावर असताना आणि खाली येताना नाण्यावर एकच बल आहे. ते खाली ओढणारं आहे आणि संपूर्ण प्रवासात तेवढंच आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट यांनी हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. त्यांचा शोधनिबंध १९८२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वरचा बाण काढला होता. ते एक वेळ समजू शकतं. पण बलविज्ञानाचा अख्खा अभ्यासक्रम शिकून झाल्यावरही बहुसंख्यांच्या कागदावर तो बाण जिथल्या तिथे होता. न्यूटनचे तीन नियम त्यांना पाठ होते, गणितं सुटत होती, पण मनातल्या नाण्यावर हाताचा जोर स्वार होताच.

मुलांच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टी या निबंधाने आणि त्या सुमारास झालेल्या अशा कामांनी बदलली. चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ ओढून पुढे जाणं शिक्षकाला सोपं असतं. पण तो बाण आळसातून येत नाही, लक्ष नसल्यामुळेही येत नाही. तो अनुभवातून येतो. भाजीची हातगाडी ढकलली तर चालते, ढकलणं थांबलं की थांबते. सायकलचं पॅडल मारायचं सोडलं की सायकल मंदावते. विहिरीतून पोहरा ओढताना हात थांबले की पोहराही थांबतो. चौदा वर्षं रोज हे पाहिलेल्या मुलाने त्यातून एक सिद्धांत मांडलेला असतो : गती हवी तर बल हवं, आणि ज्याच्यात गती आहे त्याच्यात बल शिल्लक आहे.

मोठमोठ्या विचारवंतांनीही शतकानुशतकं हेच मानलं. फेकलेला दगड हात सुटल्यावर कशाच्या जोरावर पुढे जातो, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडला आणि त्याने त्याचं श्रेय भोवतालच्या हवेला दिलं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसने ते नाकारलं. फेकणारा हात दगडातच काहीतरी जोर भरतो, असं त्याचं म्हणणं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या झां ब्युरिदानने हा भरलेला जोर नीट सिद्धांत म्हणून मांडला. नववीतली मुलगी जेव्हा ‘उडवल्याचा जोर’ म्हणते, तेव्हा नकळत ती ब्युरिदानच्या शेजारी उभी असते. माणसाच्या बुद्धीला तिथून पुढे न्यूटनपर्यंत यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. ‘प्रिन्सिपिया’ १६८७ सालचा. तेवढं अंतर त्या मुलीने पस्तीस मिनिटांच्या तासात कापावं, अशी आपली अपेक्षा असते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मायकेल मॅक्लॉस्की यांनी याच काळात आणखी एक साधी गोष्ट तपासली. चालता चालता हातातला चेंडू नुसता सोडून दिला, तर तो कुठे पडेल? पुष्कळांचं उत्तर होतं : सोडला त्या जागेच्या बरोबर खाली. काहींनी तर मागे पडेल असं सांगितलं. खरं तर चेंडू माणसाबरोबर पुढे जात जात पडतो, कारण सोडण्याआधीच त्याच्यात चालणाऱ्याचा वेग असतो आणि तो काढून घेणारं आडवं बल कुठलंच नसतं. हा प्रयोग करायला मैदान, चुन्याची रेघ आणि एक टेनिसचा चेंडू पुरतो. रेघेवर आल्यावर पळतापळता चेंडू सोडायचा. पण त्याआधी वर्गातल्या प्रत्येकाने तो कुठे पडेल तिथे खडूने खूण करायची. खूण न करता नुसतं पाहिलं, तर ‘मला माहीतच होतं’ म्हणायची सोय राहते. खूण केली की मूल त्या उत्तराला बांधलं जातं आणि चेंडूकडे वेगळ्याच नजरेने पाहतं.

पहिला नियम शिकवताना खरी अडचण घर्षणाची असते. बल नसेल तर वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने जातच राहते, असं पुस्तक सांगतं, आणि मुलाने आयुष्यात अशी एकही वस्तू पाहिलेली नसते. घर्षण दिसत नाही, म्हणून ते बल वाटत नाही. ‘वस्तू आपोआप थांबली’ असंच वाटतं. इथे कॅरम बोर्डाइतकं चांगलं साधन आपल्या घरात दुसरं नाही. रबरबँड प्रत्येक वेळी तेवढाच ताणून स्ट्रायकर सोडायचा आणि तो किती लांब गेला ते पट्टीने मोजायचं. आधी बोर्डावर जुनी चादर पसरून, मग कोऱ्या बोर्डावर, मग बोरिक पावडर टाकून. अंतर वाढत जातं. मग वर्गाला विचारायचं, पावडर याहून चांगली मिळाली तर? त्याहूनही चांगली? शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘मग थांबणारच नाही!’ तो नियम त्या मुलाने स्वतः काढलेला असतो.

गॅलिलिओचा विचारही याच वाटेने गेला होता. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ कमी केला तर ती उंची गाठायला त्याला लांबवर जावं लागतं. चढच काढून टाकला तर? विजेच्या वायरिंगसाठी वापरतात ती प्लास्टिकची केसिंग पट्टी दुकानात सहज मिळते. ती दोन्ही टोकांना वर वाकवली की गोटीसाठी गॅलिलिओचा मार्ग तयार होतो. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने बारा हात लांबीच्या लाकडी फळीतल्या खाचेत चर्मपत्र बसवून त्यावरून कांस्याचा गोळा सोडल्याचं वर्णन केलं आहे. सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, म्हणून भांड्यातून बारीक धारेने पाणी सोडून, साठलेल्या पाण्याचं वजन करून तो वेळ मोजायचा. हे वर्णन मुलांना वाचून दाखवावं. वेळ मोजणं हा किती अवघड प्रश्न होता हे कळलं की त्वरण या राशीबद्दल आदर वाटू लागतो.

घर्षणाचा दुसरा चेहरा मात्र शाळेत फार कमी दाखवला जातो. ते गतीचं वैरी आहे, एवढंच मुलांच्या मनात बसतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात चालून पाहिलेल्या कोकणातल्या मुलाला खरं तर यापेक्षा जास्त माहीत असतं. चालताना पाय जमिनीला मागे ढकलतो, आणि जमिनीचं घर्षण पायाला पुढे ढकलतं. घर्षण नसेल तर पाय जागच्या जागी घसरेल. आपल्याला पुढे नेणारं बल घर्षणाचंच आहे, हे वाक्य ऐकून वर्ग पहिल्यांदा गप्प होतो आणि मग भांडायला लागतो. त्या भांडणाला वेळ द्यायला हवा.

मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट या विषयावरचा उघडा धडा आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. हजार टनांची गाडी असेल, तर घाटात तिला मागे खेचणारा ओढा सुमारे २७ टन वजनाइतका होतो. म्हणूनच कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत तिला ढकलतात. पण जोर इंजिनात कितीही असो, पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड नसेल तर चाक नुसतं गरगरतं. पावसात रूळ ओले झाले की ही पकड घटते. त्यावर उपाय म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडली जाते. उतरणीला प्रश्न उलटा होतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आवरायला घाटात चढावर जाणारे आडमार्ग ठेवले आहेत. गाडी तिकडे वळवली की तिचा वेग गुरुत्वाकर्षणच काढून घेतं. कर्जत, खोपोली, लोणावळा इथल्या शाळांतली मुलं ही इंजिनं पाहत मोठी होतात. त्यांच्या गणितात चढ, बल आणि घर्षण हे तीन शब्द बोरघाटाचं नाव घेऊन यायला काय हरकत आहे?

तिसऱ्या नियमाचं दुखणं याहून जुनं. भरधाव एसटी आणि समोरून येणारी रिक्षा यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? जवळजवळ सगळा वर्ग ‘एसटी’ म्हणतो. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ हे वाक्य तोंडपाठ असलेली मुलंही तेच म्हणतात. बल दोघांवर सारखंच असतं. रिक्षाचं वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच बलाने तिचा वेग कितीतरी जास्त बदलतो आणि चुराडा तिचा होतो. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून एक टोक सातवीतल्या मुलाच्या हाती आणि दुसरं पीटीच्या सरांच्या हाती द्यावं. दोघांनी हवं तसं ओढावं. दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात.

अशाच तिसेक प्रश्नांची एक चाचणी ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्र नाही. रोजच्या भाषेतले प्रश्न, आणि चुकीचे पर्याय मुलांच्याच तोंडून ऐकलेले. चाचणी इतकी साधी दिसते की प्राध्यापकांना आधी ती आपल्या विद्यार्थ्यांना देण्यासारखीही वाटली नाही. हार्वर्डचे एरिक मझूर त्यांपैकी एक. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतली अवघड गणितं मुलं सोडवत. हेस्टेनिस यांच्या आधीच्या कामाबद्दल वाचून त्यांनी असे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची, की मी एरवी जसा विचार करते त्याप्रमाणे? या प्रश्नाने मझूर हादरले, आणि हादरायलाच हवं होतं. एकाच डोक्यात दोन भौतिकशास्त्रं शेजारी शेजारी नांदत होती, एक परीक्षेसाठी आणि एक जगण्यासाठी. निकाल आला तो या शंकेला दुजोरा देणाराच होता.

मझूर यांनी मग व्याख्यान तोडलं. थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर नोंदवायचं, नंतर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायचं, पुन्हा मत द्यायचं. ज्याला नुकतंच समजलंय, त्याला शेजाऱ्याची अडचण शिक्षकापेक्षा नेमकी ठाऊक असते. साठ मुलांच्या जिल्हा परिषद शाळेतही हे जमतं, त्याला यंत्र लागत नाही. एक, दोन, तीन किंवा चार बोटं छातीशी धरायची, म्हणजे शिक्षकाला दिसतात आणि मागच्याला दिसत नाहीत.

याने फरक पडतो का? इंडियाना विद्यापीठाच्या रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले. आधी जेवढं येत नव्हतं, त्यातलं किती शिकले, हे त्यांचं माप होतं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के. विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला, करून पाहायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के, दुपटीहून जास्त.

करून पाहण्याची ही वाट आपल्याला परकी नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसत. मुलं गटाने प्रयोग करत, निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांना प्रश्न पडले की ती ‘सवालीराम’ला पत्र लिहीत, आणि सवालीराम या काल्पनिक मित्राकडून उत्तर येत असे. १९८२ पासून एकलव्य या संस्थेने हे काम पुढे नेलं, शेकडो शाळांपर्यंत पोचवलं. २००२ साली राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं असं काम एका निर्णयाने थांबावं, ही आपल्या शिक्षणातली मोठी हानी आहे.

या कार्यक्रमाचा एक धागा पुण्यात आला. टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादला गेले, आणि पुढचं आयुष्य त्यांनी काड्यापेटी, सायकलची व्हॉल्व ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी बनवण्यात घालवलं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या खेळण्यांच्या कृती आणि पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, इंटरनेटवर फुकट आहेत. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची वाट संशोधनाची. तिथल्या अरविंद कुमार, जयश्री रामदास आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सापेक्ष गतीबद्दल विचारून पाहिलं. विद्यार्थी संदर्भचौकटीला, म्हणजे गती जिच्या सापेक्ष मोजायची तिला, एखाद्या वस्तूच्या भिंतीत कोंडतात, जणू गाडीची चौकट डब्याच्या दारापाशी संपते. एक गती ‘खरी’ आणि दुसरी ‘भासमान’ मानतात. लोकलमध्ये उभ्या उभ्या चेंडू वर उडवून तो हातातच परत येतो हे पाहिलेल्या मुंबईकराला यावर बोलण्यासारखं पुष्कळ असतं. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वीचं फिरणं समजावताना पुढे जाणाऱ्या नावेतून काठ मागे जाताना दिसतो, हाच दाखला दिला होता.

गुरुत्वाकर्षणाचा धडा दहावीच्या पुस्तकात पहिलाच आहे. त्याची सुरुवात सूत्राआधी आवाजाने करता येते. लांब दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधायचा, त्यापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर आणखी चार. टोकाचा नट जमिनीला टेकेल असा दोरा उभा धरायचा, खाली पत्र्याचं ताट ठेवायचं, आणि सोडायचा. नटांमधली अंतरं वाढत गेलेली, पण ठोके मात्र समान अंतराने वाजतात. आता नट सारख्या अंतरावर बांधून दुसरा दोरा सोडायचा. ठोके जवळ जवळ येत जातात. पडणाऱ्या वस्तूचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे कानाला कळलं की फळ्यावरचं सूत्र ओळखीचं वाटतं.

जड वस्तू आधी पडते, या समजुतीसाठी अपोलो-१५ची चित्रफीत दाखवावी. २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम टेकली. पण चित्रफितीआधी वहीच्या पुठ्ठ्यावर कागदाचा कपटा ठेवून पुठ्ठा सोडावा. कपटा पुठ्ठ्याला चिकटल्यासारखा बरोबरच येतो. चंद्र लांब आहे, पुठ्ठा हातात आहे.

सर्वांत चिवट समजूत अंतराळवीरांबद्दल असते : ‘वर गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून ते तरंगतात.’ आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, जमिनीवरच्या ९.८ च्या तुलनेत थोडंसंच कमी. ते नसतं तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. स्थानक आणि त्यातली माणसं सतत एकत्र पडत असतात. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगामुळे जमीन तेवढीच त्यांच्याखालून वळत जाते. हे पटवायला प्लास्टिकची बाटली घ्यावी, तळाशी भोक पाडावं, पाणी भरावं. धार लागते. आता बाटली दुसऱ्या मजल्यावरून सोडावी आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपावं. पडता पडता धार थांबते. ज्या मोबाइलवर हे टिपलं, त्यातला त्वरणमापकही हीच गोष्ट आकड्यांत सांगतो. आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप उघडून दुसरा एखादा मोबाइल गादीवर पडू द्यावा. टेबलावर तो ९.८ दाखवतो, पडताना शून्याच्या आसपास.

एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे, हा शिक्षकांचा प्रश्न खोटा नाही. अभ्यासक्रम मोठा, वर्ग भरलेला, शाळाबाह्य कामं वेगळी. पण परीक्षेच्या रचनेतच थोडी जागा आहे. दहावीच्या विज्ञानात ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आहेत आणि २० गुण अंतर्गत, प्रात्यक्षिकाचे. पुष्कळ ठिकाणी हे २० गुण सुवाच्य अक्षरातल्या, एकमेकांवरून उतरवलेल्या प्रयोगवहीला जातात. त्याऐवजी मुलाच्या हाती केसिंग पट्टी, गोटी आणि मोजपट्टी द्यावी; गोटी समोरच्या चढावर कुठवर जाईल त्याचा अंदाज आधी पेनाने लिहून घ्यावा; मग गोटी सोडू द्यावी आणि अंदाज चुकला असेल तर का चुकला हे चार ओळींत लिहायला सांगावं. गुण त्या चार ओळींना द्यावेत. अंदाज चुकल्याबद्दल एकही गुण कापू नये.